विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुस्तकांच्या व्यापाराचा विषय अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. शेतीमालाचे भाव, कंत्राटी कामगार, पाण्याचे वाटप असे प्रश्न समोर उभे असताना डिजिटल पुस्तके आणि ती वाचण्याची यंत्रे यांवर तासभर बोलणे ही चैन आहे, असेही कोणी म्हणेल. म्हणून प्रारंभीच सांगतो, की हा विषय मी शोधून आणलेला नाही. तो आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे. मी ज्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर काम करतो, त्या मंडळापुढे गेल्या महिन्यात एक प्रस्ताव आला. एक सद्गृहस्थ वाचनालयाला वीस वाचनयंत्रे देणगी म्हणून देण्यास तयार आहेत. अट एकच : यापुढे पुस्तकखरेदीची निम्मी रक्कम त्या यंत्रांवरील डिजिटल पुस्तकांसाठी राखून ठेवावी.

देणगीदारांच्या हेतूविषयी मला शंका नाही. आमची जागा अपुरी आहे, कपाटे मोडकी आहेत, वाळवीचा त्रास आहे आणि त्या लहानशा यंत्रात हजारो पुस्तके मावतात. तरुण सभासद प्रस्तावाच्या बाजूने बोलले, वडीलधारे विरोधात बोलले. परंतु दोन्ही बाजू यंत्राविषयीच बोलत राहिल्या. यंत्रामागच्या व्यवहाराविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. मीही गप्प बसलो, कारण तो व्यवहार मलाच नीट ठाऊक नव्हता. त्यानंतर जे वाचले आणि समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

भांडण यंत्राशी नाही

एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. गांधीजींनी १९२४ साली एका चर्चेत स्पष्ट केले होते, की त्यांचा विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे. आणि सिंगरचे शिवणयंत्र त्यांनी अपवाद म्हणून सांगितले होते. वाचनयंत्रही त्याच जातीचे होऊ शकते. त्याचा पडदा कागदासारखा दिसतो, डोळ्यांना शिणवीत नाही. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. एकदा वीज भरली की ते पुष्कळ दिवस चालते.

शिवाय डिजिटल पुस्तकाचा जन्म बाजारात झालेला नाही. ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित करून इतरांसाठी खुला केला. त्यातूनच ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ उभा राहिला. एकदा टंकित केलेला मजकूर कितीही जणांना, जवळजवळ फुकट देता येतो, ही त्यामागची साधी कल्पना होती. ज्या वस्तूची दुसरी प्रत काढण्यास काही खर्च येत नाही, तिची टंचाई निसर्गतः असू शकत नाही. ती असलीच, तर कोणीतरी निर्माण केलेली असते. ही टंचाई कोणी आणि कशी निर्माण केली, हा आपला आजचा प्रश्न आहे.

स्वस्ताईचे गणित

सोनी कंपनीने २००४ साली जपानमध्ये लिब्रिए नावाचे वाचनयंत्र आणले. त्यावर घेतलेले पुस्तक साठ दिवसांनी आपोआप बंद पडे. पुस्तक भाड्याने मिळते, हे तेथे उघड होते. ते यंत्र चालले नाही. त्यानंतर अ‍ॅमेझॉन कंपनीने १९ नोव्हेंबर २००७ रोजी किंडल बाजारात आणले. किंमत ३९९ डॉलर, म्हणजे काही कमी नव्हती. तरीही पहिला साठा साडेपाच तासांत संपला. याची दोन कारणे होती. यंत्रातच दूरसंचाराची जोडणी होती आणि तिचे वेगळे बिल येत नव्हते. म्हणजे दुकान ग्राहकाच्या हातातच नेऊन ठेवले होते. दुसरे असे, की येथे ‘भाड्याने घ्या’ असे न म्हणता ‘विकत घ्या’ असे म्हटले होते. या शब्दाकडे आपण पुढे येऊ.

नव्या गाजलेल्या पुस्तकांची किंमत कंपनीने ९.९९ डॉलर ठेवली. आता हिशेब पाहा. प्रकाशक त्या वेळी दुकानदाराला साधारणतः छापील किमतीच्या निम्म्याने पुस्तक देत. म्हणजे २६ डॉलरच्या पुस्तकाचे १३ डॉलर प्रकाशकाला द्यायचे आणि ग्राहकाकडून दहा घ्यायचे. प्रत्येक प्रतीमागे तीन डॉलरचा तोटा! यंत्रावरही कंपनी नफा मिळवीत नव्हती. यंत्रे उत्पादनखर्चातच विकतो, असे कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी २०१२ साली जाहीरपणे सांगितले. यंत्रात नफा नाही आणि गाजलेल्या पुस्तकांत तोटा, मग हा व्यापार कशाचा?

आपल्या कापूस-पट्ट्यातील जुन्या माणसांना याचे उत्तर सांगावे लागणार नाही. सावकार बैलांसाठी पैसे सहज देई. पुढे कापूस मात्र त्याच्याच जिनात, त्याच्याच वजनकाट्यावर घालावा लागे. किंडलवरील पुस्तके कंपनीच्या स्वतःच्या साच्यात आणि डिजिटल कुलपात बंद असत. ज्या तंत्रावर हा साचा उभा राहिला, ती मोबिपॉकेट ही फ्रेंच कंपनी अ‍ॅमेझॉनने २००५ सालीच विकत घेऊन ठेवली होती. ज्या वाचकाजवळ अशी दोनशे पुस्तके साठली, तो दुसऱ्या कंपनीचे यंत्र घेईल कसा? तसे केले तर दोनशे पुस्तके मागे राहतात. तोटा हा येथे तोटा नव्हताच. वाचकाला बांधून घेण्यासाठी आगाऊ मोजलेली ती किंमत होती.

प्रतिस्पर्ध्यांना हे लवकर कळले. बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीने २००९ साली नूक हे यंत्र आणले. जून २०१० मध्ये तिने किंमत १९९ डॉलरवर आणताच अ‍ॅमेझॉनने त्याच दिवशी किंडलची किंमत २५९ वरून १८९ केली. पुढल्या वर्षी पडद्यावर जाहिराती दाखविणारे यंत्र आणखी स्वस्तात, ११४ डॉलरला आले. त्याच २०११ साली बॉर्डर्स ही अमेरिकेतील मोठी पुस्तकदुकानांची साखळी दिवाळखोरीत निघून कायमची बंद पडली. तिच्या पतनाला तिच्या स्वतःच्या चुकाही कारण होत्या. पण तोटा सोसण्याच्या शर्यतीत ज्याची थैली मोठी तोच टिकतो, हेही तेथे दिसून आले.

दोन बलाढ्यांचे भांडण

येथे प्रकाशकांची कीव करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. अमेरिकेतील बडे प्रकाशक काही लहान कारागीर नव्हेत. त्यांतील बहुतेक बहुराष्ट्रीय भांडवलाच्या शाखा आहेत. दहा डॉलर हीच पुस्तकाची रास्त किंमत अशी लोकांची समजूत झाली, तर उद्या अ‍ॅमेझॉन आपल्यालाही कमी भाव देईल, ही त्यांची भीती होती. २०१० साली अ‍ॅपलचे आयपॅड आले, तेव्हा त्यांना वाट सापडली. किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि दुकानदाराने तीस टक्के दलाली घ्यावी, असा करार पाच प्रकाशकांनी अ‍ॅपलशी केला. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने तशीच मागणी अ‍ॅमेझॉनकडे केली, तेव्हा अ‍ॅमेझॉनने तिच्या पुस्तकांवरील खरेदीची कळ काही दिवस काढूनच टाकली आणि अखेरीस माघार घेतली.

या नव्या पद्धतीत प्रकाशकांना प्रत्येक प्रतीमागे पूर्वीपेक्षा कमी पैसे मिळत होते. १२.९९ डॉलरच्या पुस्तकातून दलाली वजा जाता सुमारे नऊ डॉलर हाती येत. पूर्वी तेरापर्यंत येत. एक बाजू तोटा सोसून स्वस्त विकत होती, दुसरी बाजू उत्पन्न सोडून किंमत वाढवीत होती. आजच्या नफ्यासाठी हे भांडण नव्हतेच. किंमत ठरविण्याची सत्ता कोणाच्या हाती राहावी, यासाठी ते होते. २०१२ साली अमेरिकी सरकारने अ‍ॅपल आणि पाच प्रकाशक यांच्यावर संगनमताचा खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली. अ‍ॅपल १० जुलै २०१३ रोजी खटला हरली आणि पुढे तिला ४५ कोटी डॉलरची तडजोड पाळावी लागली.

संगनमत बेकायदा होते, ही गोष्ट खरी. परंतु २०१० च्या आरंभी अमेरिकेतील डिजिटल पुस्तकांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास विक्री एका कंपनीच्या हाती होती. तिचा प्रश्न तेथे सुटला नाही. २०१४ साली अशेत या प्रकाशनसंस्थेशी वाद होताच अ‍ॅमेझॉनने तिची छापील पुस्तके ग्राहकांपर्यंत पोहोचविण्यास विलंब लावला आणि आगाऊ नोंदणी बंद केली. कित्येक महिने लेखक भरडले गेले. अखेर बड्या प्रकाशकांनी २०१४–१५ मध्ये स्वतः किंमत ठरविण्याचा अधिकार नव्या करारांनी परत मिळविला. दोन हत्ती झुंजले आणि मग त्यांनी समेट केला. वाचकाला मात्र यांपैकी कोणत्याच बैठकीत स्थान नव्हते.

विक्री नव्हे, परवाना

आता ‘विकत घ्या’ या शब्दाकडे येतो. पुस्तक विकत घेणे म्हणजे काय, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली स्पष्ट केले होते. बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने आपल्या कादंबरीत छापले होते, की एक डॉलरपेक्षा कमी किमतीत ती विकल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग मानला जाईल. मेसी या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निर्णय दिला. एकदा प्रत विकली, की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाची सत्ता उरत नाही. वाचनालये आणि जुन्या पुस्तकांची दुकाने ज्या तत्त्वावर चालतात, ते हेच. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईच्या फोर्ट भागातील पदपथांवर जुनी पुस्तके घेऊन शिकलेली माणसे या सभागृहातही बसलेली आहेत.

डिजिटल पुस्तकाच्या बाबतीत हा हक्क लबाडी न करता, केवळ शब्द बदलून काढून घेण्यात आला. कळीवर ‘विकत घ्या’ असे लिहिलेले असते. बारीक अक्षरांतील करारात मात्र ‘वाचण्याचा परवाना’ असे असते. परवाना देता येत नाही, विकता येत नाही, मुलांना वारशाने ठेवता येत नाही. आणि तो काढून घेता येतो. जुलै २००९ मध्ये हे घडले. ज्याने ती पुस्तके विक्रीस ठेवली होती, त्याला अमेरिकेतील हक्क नव्हते असे आढळल्यावर अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून ती परस्पर पुसून टाकली आणि पैसे परत केले. ती पुस्तके होती जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’. एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणेही त्यात निकामी झाली. बेझोस यांनी क्षमा मागितली, कंपनीने खटल्यात तडजोड केली. परंतु क्षमा कृतीबद्दल होती. तशी कृती करण्याचे सामर्थ्य कंपनीपाशीच राहिले.

मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांची पुस्तकेही नाहीशी झाली. पैसे तेवढे परत मिळाले. आपल्या घरमालकाने घर पाडताना अनामत परत करावी, तसे ते होते. २६ फेब्रुवारी २०२५ पासून अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची जुनी सोय बंद केली. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही डिसेंबर २०१९ मध्ये निर्णय दिला, की डिजिटल पुस्तकाची पुनर्विक्री परवानगीवाचून करता येणार नाही.

महाराष्ट्राने एकदा याच्या उलट प्रवास केला आहे. मालकाच्या मर्जीवर जमीन कसणारे कूळ १९४८ च्या कायद्याने आणि पुढे १९५७ मधील तरतुदीने मालक होऊ लागले. त्या लढ्यात आपल्या आधीच्या पिढीने आयुष्ये वेचली. आज वाचक हा मालकाचा कूळ होत आहे आणि त्याला ते समजतही नाही, कारण पावतीवर ‘खरेदी’ असेच लिहिलेले असते.

मजुरी, वाचनालय आणि अंध वाचक

लेखकांचे काय? स्वतः पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्याला ठराविक किंमतपट्ट्यात सत्तर टक्के वाटा देण्याची योजना अ‍ॅमेझॉनने २०१० साली आणली. कोणत्याही प्रकाशकाने कधी दिला नसेल एवढा हा वाटा आहे आणि दाराबाहेर ताटकळलेल्या अनेकांना त्याने वाट मिळाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु २०१४ पासून मासिक वर्गणीत हवी तेवढी पुस्तके वाचण्याची योजना आली. तीत पुस्तक घालणाऱ्या स्वतंत्र लेखकाने ते डिजिटल रूपात अन्यत्र कोठेही विकू नये, अशी नव्वद दिवसांची अट असते. जुलै २०१५ पासून त्याला मोबदला मिळतो तो वाचल्या गेलेल्या पानांवर, आणि त्यासाठीचा निधी दरमहा कंपनी ठरविते. विडी कामगाराला हजारी मजुरी मिळते; पण तिचा दर निदान आधी जाहीर असतो आणि त्यासाठी संप तरी करता येतो. पाने मोजायची म्हणजे कोण, काय, कोठवर वाचतो याची नोंद ठेवणे ओघानेच आले. आपल्या देशात वाचनाच्या नोंदी कोणाच्या हाती असाव्यात, हा प्रश्न आणीबाणी पाहिलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

वाचनालयांवर तर प्रकाशकांनीच आघात केला. छापील प्रत बांधणी सुटेपर्यंत वाचली जाते. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये ठरविले, की वाचनालयाला दिलेली डिजिटल प्रत सव्वीस वेळा दिल्यावर संपेल, मग पुन्हा पैसे भरावेत. न झिजणाऱ्या वस्तूला मुद्दाम झीज लावण्याचा हा प्रकार आहे. मॅकमिलनने नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका वाचनालय-व्यवस्थेला एकच प्रत देण्याचा नियम केला. वाचनालयांनी बहिष्कार पुकारला आणि मार्च २०२० मध्ये तो मागे घ्यावा लागला. संघटित प्रतिकार येथेही फळतो, एवढे यातून घ्यावे.

फेब्रुवारी २००९ मधील किंडल पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू शकत होते. अंधांना ही केवढी सोय! पण लेखकांच्या संघटनेने, हा ध्वनिहक्काचा भंग आहे, अशी तक्रार केली आणि हक्कधारकाच्या इच्छेनुसार तो आवाज बंद करण्याची मुभा कंपनीने दिली. अंधांच्या संघटनांना न्यूयॉर्कमध्ये निदर्शने करावी लागली. यंत्राला जे जमत होते, ते व्यवहाराने अडविले.

कायद्याने काय साधते?

फ्रान्समध्ये १९८१ साली समाजवादी सरकार आले आणि सांस्कृतिक मंत्री जॅक लांग यांनी त्याच वर्षी पुस्तकांच्या किमतीचा कायदा केला. प्रकाशकाने किंमत जाहीर करावी आणि कोणत्याही दुकानदाराने पाच टक्क्यांहून अधिक सूट देऊ नये. तोट्यात विकून लहान दुकानदाराला मारण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. २०११ मध्ये प्रकाशकाने ठरविलेल्या एकाच किमतीचे हे तत्त्व डिजिटल पुस्तकांनाही लावले गेले. अमेरिकेत जी गोष्ट बंद दाराआड संगनमताने केली गेली आणि शिक्षेस पात्र ठरली, तीच फ्रान्सने लोकसभेत चर्चा करून उघडपणे केली. हाच लोकशाही नियोजनाचा आणि मक्तेदारीचा भेद आहे.

तरीही लांग कायदा मालकीचा प्रश्न सोडवीत नाही. तो किमतीचा प्रश्न सोडवितो. मालकीच्या बाबतीत कॅलिफोर्निया राज्याने एक लहान पाऊल टाकले आहे. केवळ परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्याविना ‘विकत घ्या’ हा शब्द वापरता येणार नाही, असा तेथील कायदा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. हा हक्क नव्हे, केवळ खरे बोलण्याची सक्ती आहे. परंतु चळवळीचा आरंभ बहुधा तेथूनच होतो.

आपण काय करावे?

आपल्याकडे किंडल ऑगस्ट २०१२ मध्ये आले आणि डिसेंबर २०१६ पासून त्यावर मराठी पुस्तके मिळू लागली. आपले बहुतेक वाचक यंत्राऐवजी मोबाइलवर वाचतात. परंतु दुकान तेच, कुलूप तेच आणि परवानाही तोच. म्हणून येत्या बैठकीत मी देणगी नाकारा असे म्हणणार नाही. तीन गोष्टी मात्र मांडणार आहे.

पहिली, वीस यंत्रे घ्यावीत; पण त्यांत कुलूप नसलेल्या फाइली घालाव्यात. हे याच यंत्रांवर शक्य आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. महात्मा फुले आणि आगरकर केव्हाच सर्वांचे झाले. साने गुरुजींचे साहित्य २०११ च्या आरंभापासून सर्वांचे आहे. हे सारे अक्षर मोठे करून वाचता येईल, तेव्हा आमच्या वाचनालयातील वृद्ध सभासद देणगीदारांना दुवाच देतील.

दुसरी, पुस्तकखरेदीची रक्कम परवान्यांकडे वळवू नये. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मिळणारे अनुदान हा जनतेचा पैसा आहे. त्यातून जनतेच्या मालकीची वस्तूच यावी. कंपनीच्या मर्जीवर टिकणारी नव्हे. ज्या मराठी प्रकाशकाची कुलूप नसलेली डिजिटल प्रत वाचनालयाला कायमची विकण्याची तयारी असेल, त्याची प्रत अवश्य घ्यावी, रास्त किमतीला घ्यावी. लेखकाचे पोट मारून वाचनसंस्कृती वाढत नाही.

तिसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी आहे. वाचनालयाला डिजिटल प्रत विकत घेण्याचा, जतन करण्याचा आणि एका वेळी एका सभासदाला देण्याचा हक्क कायद्याने मिळावा, अशी मागणी ग्रंथालय संघांनी, लेखकांनी आणि आपण मिळून केली पाहिजे. ती मान्य होण्यास वेळ लागेल. कूळकायद्यालाही लागला होता.

माझ्या वाचनालयात एक जुने पुस्तक आहे. त्याच्या शेवटच्या पानावरील तारखांच्या शिक्क्यांना जागा उरली नाही, म्हणून ग्रंथपालांनी वर एक कागद चिकटविला आणि तोही भरला. त्या प्रत्येक शिक्क्यासाठी आम्ही कोणाची परवानगी मागितली नव्हती. नव्या यंत्रावरील पुस्तकाबाबतही हेच म्हणता यावे, एवढाच माझा आग्रह आहे. बैठक पुढच्या रविवारी आहे. आपापल्या गावच्या वाचनालयांतही हा प्रश्न आज ना उद्या येईल. तेव्हा आपल्यापैकी कोणी माझ्यासारखे गप्प बसू नये.